तिसरी-चौथीच्या वर्गात ऑइल पेस्टल : कागद, वेळ आणि डाग यांचे नियोजन कसे करावे?

वर्गशिक्षिका_कोथरूड

नमस्कार.

मी एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत चौथीची वर्गशिक्षिका आहे. आमच्या प्राथमिक विभागाला स्वतंत्र चित्रकला शिक्षक नाहीत, त्यामुळे कलेच्या तासिका आम्ही वर्गशिक्षकच घेतो. आजवर आमची मुले मेणाचे खडू आणि रंगीत पेन्सिली वापरत आली. यंदा शाळेने तिसरी आणि चौथीसाठी ऑइल पेस्टल आणायचे ठरवले असून त्याचे नियोजन माझ्याकडे आले आहे. हे माध्यम मुलांच्या हाती नीट पडावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणून खरेदीपूर्वीच येथे विचारत आहे.

गेल्या सत्रात काही मुलांनी घरून ऑइल पेस्टल आणले होते. त्यांनी वहीच्या पूर्ण पानावर पेन्सिलीने दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि झोपडी काढली आणि त्या रेषांच्या आत रंग भरायला घेतला. ३५ मिनिटांची तासिका संपली तेव्हा बहुतेकांचे आकाश अर्धेच भरले होते, पिवळ्या सूर्यात पेन्सिलीचा काळेपणा उतरला होता, वही मिटल्यावर समोरच्या पानावर सगळ्या चित्राचा ठसा उमटला आणि दुसऱ्या दिवशी गणवेशावरच्या डागांबद्दल पालकांच्या चिठ्ठ्या आल्या. मुलांचा उत्साह मात्र पाहण्यासारखा होता. एरवी रंगकामाला कंटाळणारी मुलेही खडू खाली ठेवायला तयार नव्हती.

वर्गात ४२ मुले आहेत आणि बाक दोघांचे आहेत. एवढ्या मुलांना एका तासिकेत पूर्ण होईल असे काम कोणते द्यावे? कागद कोणता घ्यावा? प्रत्येकाला स्वतंत्र पेटी हवी का? आणि स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनापर्यंत ही चित्रे न पुसटता कशी जपावीत? ज्यांनी प्राथमिक वर्गात हे माध्यम प्रत्यक्ष वापरले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

निवृत्त_कलाशिक्षक_सदाशिवपेठ

ताई, सुरुवात कागदाच्या आकारापासून करावी. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ए-४ आकाराचा पूर्ण कागद ऑइल पेस्टलने भरायला एक तासिका पुरत नाही. हात दुखू लागला की मूल नुसत्या रेघोट्या ओढते किंवा उरलेली जागा तशीच सोडून देते, आणि आपण त्याला ‘पूर्ण कर’ म्हणत राहतो. तोच कागद मधोमध कापून अर्धा दिला तर काम वेळेत होते आणि मुलाला शेवटच्या पाच मिनिटांत आपल्या चित्राकडे बघायलाही सवड मिळते. कागद कार्ट्रिजचा, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, साधारण १२० ते १५० जीएसएमचा (चौरस मीटरमागे तितक्या ग्रॅम वजनाचा) आणि किंचित खरबरीत असावा. गुळगुळीत कागदावर पहिला थर बसतो, पण दुसरा थर घसरतो. झेरॉक्सचा कागद पातळ असतो, तो चुरगळतो आणि तेल मागच्या बाजूला उतरते.

आता माध्यमाविषयी. ऑइल पेस्टलमध्ये रंगद्रव्य, मेण आणि न सुकणारे खनिज तेल असते. त्यामुळे ते मेणाच्या खडूपेक्षा मऊ असते, थोड्या दाबातही भरघोस रंग देते आणि एका रंगावर दुसरा रंग स्वीकारते. त्याचे टोक मात्र जाड असते, म्हणून खिडकीचे गज किंवा माणसाचे डोळे त्याने काढायला गेले की मुलाची चिडचिड होते. पेन्सिलीच्या बारीक चौकटीत ते भरायला सांगणे म्हणजे त्या खडूच्या स्वभावाविरुद्ध काम घेणे होय. आकार मोठे ठेवा, वस्तू एकच द्या आणि पेन्सिल पूर्णपणे बाजूला ठेवा. रेखाटन फिकट पिवळ्या किंवा फिकट निळ्या पेस्टलनेच करू द्यावे. ते पुढच्या थरात विरघळून जाते आणि ग्रॅफाइटची काजळी रंगात मिसळत नाही.

पहिल्या तासिकेत चित्र काढूच नये. एका कागदाला घड्या घालून आठ चौकोन करा आणि प्रत्येक चौकोनात एकच गोष्ट करू द्या : अगदी हलक्या हाताने फिरवलेला निळा, जोर देऊन भरलेला निळा, पिवळ्यावर निळा, निळ्यावर पिवळा, लालावर पांढरा, खडू आडवा धरून ओढलेला पट्टा, बोटाने पसरवलेला रंग, आणि भरलेल्या रंगावर टूथपिकने खरवडलेली रेघ. पिवळ्यावर निळा आणि निळ्यावर पिवळा यांतून दोन वेगळे हिरवे निघतात, हे मुलांना सांगायचे नसते. ती आपणहून शेजाऱ्याला दाखवायला लागतात. याच तासिकेत आधी फिकट रंग, मग गडद हा क्रम आणि रंग बदलताना खडूचे टोक चिंधीवर पुसण्याची सवय या दोन गोष्टी अंगवळणी पाडाव्यात. पिवळा आणि पांढरा हे दोन खडू स्वच्छ राहिले तर वर्गातली निम्मी चित्रे स्वच्छ राहतात.

दुसऱ्या तासिकेसाठी मी नेहमी मंडईतून वांगी नेत असे. दोन बाकांमध्ये एक वांगे ठेवायचे. मुलांना प्रथम ते हातात घेऊन फिरवू द्यावे, खिडकीकडून येणारा उजेड त्याच्या अंगावर कुठे चमकतो ते बोटाने दाखवायला सांगावे, आणि ती चमक कागदावर पांढऱ्या पेस्टलने आधीच नोंदवून ठेवावी. मग पोटाचा भाग जांभळ्याने भरायचा, उजेडाच्या बाजूला जांभळ्यावर थोडा लाल द्यायचा, सावलीच्या बाजूला निळा, आणि अगदी कडेला हवा असेल तरच काळा. हे रंग बोटाने मिसळताना वांग्याच्या गोलाईच्या दिशेनेच बोट फिरवायचे. आडवेतिडवे फिरवले की वांगे सपाट दिसते आणि मुलांना हा फरक लगेच दिसतो. देठ हिरव्याने भरून त्यावरचे काटे टूथपिकने खरवडायचे. शेवटी मागची सगळी जागा पिवळ्याने भरली की जांभळा उठून दिसतो. अर्ध्या कागदावर हे सगळे अर्ध्या तासात होते. ४२ वांगी एकमेकांशेजारी लावून पाहा, त्यांतली दोनही सारखी निघणार नाहीत.

साहित्याबाबत माझे मत स्पष्ट आहे : प्रत्येक मुलाला स्वतंत्र पेटी देऊ नये. २५ रंगांच्या थोड्या पेट्या घेऊन प्रत्येक खडूचे वरचे कागद काढावेत, दोन तुकडे करावेत आणि ते गटागटाने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवावेत. सहा-सात मुलांच्या गटाला एक डबा पुरतो. पांढरा आणि पिवळा सर्वांत आधी संपतात, म्हणून दुकानदार देत असेल तर ते सुटे जास्त घ्यावेत. तुकडे केलेले पाहून काही मुलांना वाईट वाटते, कारण घरी खडू मोडला की ओरडा बसतो. पण आखूड तुकडा आडवा धरून फिरवता येतो, लहान मुलाच्या चिमटीत नीट बसतो, आणि मुख्य म्हणजे मोडण्याची भीती संपली की हात मोकळा होतो.

---

रंगसाहित्य_विक्रेता_नारायणपेठ

सरांनी कागदाबद्दल लिहिले आहे, त्यात दुकानदाराच्या बाजूने थोडी भर घालतो.

शाळेसाठी १२, २५ आणि ५० रंगांच्या पेट्या सहज मिळतात. ५० रंगांची पेटी पालकांना आवडते, पण प्राथमिक वर्गात तिचा तोटा असा की हवी ती छटा तयार मिळाल्याने मुले रंग मिसळतच नाहीत. खरेदी करताना पेटीवर बिनविषारी असल्याचा उल्लेख आणि वयोगट पाहावा. स्वस्त पेट्यांमध्ये मेणाचे प्रमाण जास्त असते. त्यातला खडू कागदावर घासल्यावर चकाकतो, पण त्याच्यावर दुसरा रंग चढत नाही. घाऊक मागणी देण्यापूर्वी एक पेटी घेऊन पिवळ्यावर निळा आणि काळ्या कागदावर पांढरा असे दोन प्रयोग करून पाहावेत. पांढरा रंग काळ्या कागदावर ठळक उमटला तर ती पेटी वर्गासाठी चांगली आहे असे समजायला हरकत नाही.

आपल्याकडच्या हवेचाही विचार करावा. एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या वर्गात हे खडू लोण्यासारखे मऊ होतात आणि जानेवारीच्या सकाळी कडक असतात. जपानमध्ये साकुरा कंपनीने १९२५ साली असे पहिले खडू आणले, तेव्हा सुरुवातीला उन्हाळ्यासाठी कडक आणि थंडीसाठी मऊ असे दोन प्रकार काढावे लागले होते. पुढे १९२७ मध्ये मिश्रण सुधारल्यावर ती गरज उरली नाही. तरीही डबे खिडकीतल्या उन्हात ठेवू नयेत. सकाळच्या शाळेत हिवाळ्यात खडू मिनिटभर तळहातांत धरला की पुरेसा मऊ होतो.

हातकागदावर काम करून पाहायचे असेल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून थोडे कागद आणावेत. रोजच्या तासिकेला ते परवडणार नाहीत, परंतु वर्षातून एखाद्या खास चित्रासाठी त्यांचा खरबरीतपणा ऑइल पेस्टलला फार शोभतो.

---

पालक_सहकारनगर

डागांबद्दल मी लिहिते, कारण माझी दोन्ही मुले घरी हेच रंग वापरतात.

कपड्याला रंग लागला की पहिली धाव पाण्याकडे असते आणि तिथेच डाग पसरतो, कारण तेलकट रंगावर नुसत्या पाण्याचा उपयोग होत नाही. वर बसलेला रंग चमच्याच्या कडेने खरवडून काढावा, त्यावर भांडी घासायचे द्रव साबण लावून थोडा वेळ ठेवावे, मग कोमट पाण्यात चोळून धुवावे. डाग पूर्ण निघाल्याशिवाय इस्त्री करू नये. उष्णतेने तो कापडात मुरतो. हातांना खोबरेल तेलाचा एक थेंब लावून जुन्या कापडाने पुसले आणि मग साबणाने धुतले तर नखांतलाही रंग जातो. वर्गात ४२ मुले एकाच वेळी नळावर जाणार असतील तर आधी पुसणे आणि नंतर धुणे हा क्रम विशेष उपयोगी पडेल.

घरातला मोठ्यांचा जुना शर्ट उलटा, म्हणजे बटणे पाठीकडे येतील असा, घालायला दिला की गणवेश झाकला जातो. हे सर्व पालकसभेत आधी सांगितले तर चिठ्ठ्या येणार नाहीत असे मला वाटते. आम्हा पालकांना डागांपेक्षा अचानकपणाचा राग जास्त येतो.

---

कलाशिक्षिका_औंध

आधीच्या प्रतिसादांशी सहमत आहे. मला विषयाच्या निवडीबद्दल लिहायचे आहे, कारण दोन डोंगर आणि मधला सूर्य हा उल्लेख वाचून राहवले नाही.

या माध्यमाचा जन्मच मुलांना नक्कल करण्यातून बाहेर काढण्याच्या खटपटीशी जोडलेला आहे. त्या काळी जपानी शाळांमध्ये मुले छापील नमुन्यांवरून चित्रे उतरवत असत. कानाए यामामोतो हे चित्रकार युरोपातून मॉस्कोमार्गे मायदेशी परतले आणि त्यांनी मुलांनी स्वतः पाहिलेले, स्वतःला वाटलेले काढावे असा आग्रह धरला. १९१९ मध्ये त्यांनी मुलांच्या मुक्त चित्रांचे प्रदर्शनही भरवले. त्या चळवळीच्या प्रभावातूनच साकुराचा हा खडू पुढे आला. मेणखडूसारखा हाताळायला सोपा आणि पेस्टलसारखा रंगांनी भरलेला, भुकटी न उडणारा खडू त्यांना शाळेतल्या मुलांसाठी हवा होता. व्यावसायिक चित्रकारांसाठीचे उच्च प्रतीचे ऑइल पेस्टल त्यानंतर बऱ्याच काळाने, १९४९ मध्ये, पिकासोच्या आग्रहावरून फ्रान्समधल्या सेनेलिए यांनी तयार केले. म्हणजे मुलांचे माध्यम मोठ्यांनी उचलले. असे असताना आपण तेच खडू मुलांना देऊन फळ्यावरचे एकच निसर्गचित्र सगळ्यांकडून उतरवून घेतो, याचे मला खरोखर दुःख होते.

मुलांना विषय त्यांच्या पाहण्यातले द्यावेत. जून-जुलैमध्ये पालखी पुण्यात येते तेव्हा छत्र्या, इरली, पताका आणि ओले रस्ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असतात. त्या आठवड्यात पांढऱ्या आणि फिकट पेस्टलने पावसाच्या सरी जोर देऊन काढाव्यात, छत्र्या गडद रंगांत भराव्यात आणि मग संपूर्ण कागदावरून निळ्या-करड्या जलरंगाचा पातळ हात फिरवावा. तेलकट भागावर पाणी ठरत नाही, त्याचे थेंब होऊन बाजूला सरकतात आणि अदृश्य असलेल्या पांढऱ्या सरी एकदम दिसू लागतात. दिवाळीच्या सुटीनंतर खरवडण्याचे काम घ्यावे : कागदावर पिवळा, केशरी, गुलाबी असे भडक रंग दाट भरायचे, त्यावर संपूर्ण काळा थर द्यायचा आणि सुकलेल्या बॉलपेनने किंवा आइस्क्रीमच्या काडीने आकाशकंदील, फुलबाज्या, किल्ला असे जे आठवेल ते खरवडून काढायचे. काळ्या पेस्टलऐवजी काळा पोस्टर कलर वापरायचा असेल तर त्यात द्रव साबणाचा एक थेंब टाकावा, नाहीतर तो तेलकट थरावर धरत नाही. यासाठी कागद पोस्टकार्डाएवढाच असावा, कारण दोन थर दाट भरायला बराच जोर लागतो.

आणखी एक गोष्ट मी दरवर्षी आवर्जून करते. पेटीत एक फिकट गुलाबीसर खडू असतो आणि मुले त्याला ‘अंगाचा रंग’ म्हणतात. सगळ्या वर्गातले सगळे चेहरे त्याच एका खडूने भरले जातात. तो खडू त्या दिवशी डब्यातून काढून ठेवावा आणि मुलांना स्वतःचा हात कागदाशेजारी ठेवून तो रंग शोधायला सांगावे. तपकिरीवर पिवळा, तपकिरीवर केशरी, थोडा पांढरा, कुठे लालाची झाक, अशी जुळवाजुळव करताना मुले स्वतःच्या हाताकडे इतक्या लक्षपूर्वक पाहतात की वर्ग शांत होतो. सावळ्या रंगाच्या मुलीला आपला रंग कागदावर सुंदर उतरलेला दिसणे ही लहान गोष्ट नाही.

---

वर्गशिक्षिका_कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. आठ चौकोनांची तासिका आणि वांगे हे दोन्ही मी लगेच नियोजनात घेतले आहे. श्रीखंडाचे डबे गोळा करायला मुलांनाच सांगते.

दोन शंका उरल्या आहेत. वर्गात एक मुलगा असा आहे की त्याला बोटांना काहीही चिकट लागलेले सहन होत नाही. मातीकामाच्या वेळीही तो हात मागे घेऊन बसतो. बोटाने रंग मिसळण्याचे काम त्याला कसे द्यावे? आणि प्रदर्शनापर्यंत चित्रे जपण्याचा प्रश्न अजून तसाच आहे. फिक्सेटिव्हचा, म्हणजे रंग कागदावर पक्का करणाऱ्या द्रवाचा, फवारा मारावा असे एका सहकाऱ्यांनी सुचवले. काही पालक असेही विचारतात की याचा पुढे शासनाच्या एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला उपयोग होईल का.

---

निवृत्त_कलाशिक्षक_सदाशिवपेठ

त्या मुलाला बोट लावायला अजिबात भाग पाडू नये. जुन्या सुती कापडाचा तुकडा बोटाभोवती गुंडाळायला द्यावा किंवा वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करून तिचे टोक वापरायला शिकवावे; कानातल्या कापसाच्या काड्याही चालतात. सगळ्या खडूंचे कागद काढताना काहींच्या खालच्या टोकाला मात्र कागद तसाच राहू द्यावा, म्हणजे पकडताना हाताला रंग लागणार नाही. हे साहित्य फक्त त्याला न देता प्रत्येक गटाच्या डब्यात ठेवावे. इतर मुलेही ते वापरू लागतात, आणि सुरळीने मिसळलेला रंग बोटापेक्षा नेमका बसतो हे त्यांना कळते. खरवडण्याच्या कामात हात फारसे माखत नाहीत, त्यामुळे तिथे तो कदाचित सर्वांच्या पुढे असेल.

फवारा प्राथमिक वर्गात नकोच. त्याचा वास आणि वाफ बंद खोलीत मुलांच्या छातीत जाते, आणि न सुकणाऱ्या तेलावर त्याचा परिणामही मर्यादित असतो. हे रंग वर्षानुवर्षे पूर्णपणे वाळत नाहीत, हे गृहीत धरूनच जपणूक करावी. वहीत काम न घेता सुट्या कागदांवर घ्यावे, प्रत्येक चित्रावर बटर पेपर ठेवून ती सपाट फायलीत एकावर एक रचावीत, चित्राला चित्र कधी टेकू देऊ नये, आणि फाइल लोखंडी कपाटाच्या खालच्या, थंड कप्प्यात ठेवावी. प्रदर्शनाच्या वेळी सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रे टांगता येतात. फक्त ती हाताच्या उंचीच्या थोडी वर असावीत. एखादे चित्र चौकटीत बसवायचे झाले तर भोवती जाड पुठ्ठ्याची खिडकी कापून घ्यावी, म्हणजे काच रंगाला चिकटणार नाही.

एलिमेंटरीबद्दल पालकांना एवढे सांगावे की चौथीतल्या मुलांना त्या परीक्षेला अजून काही वर्षे आहेत. तिथे वस्तुचित्र असते, स्मरणचित्र असते, आणि दोन्हींसाठी लागणारी नजर उजेड वांग्याच्या कोणत्या बाजूला पडला आहे हे पाहण्यातून तयार होते. माध्यम तेव्हा बदलेल. आज परीक्षेच्या नावाने त्यांच्या हातात पट्टी देण्याची गरज नाही.

---

कलाशिक्षिका_औंध

प्रदर्शनासाठी एक छोटी सूचना. चित्राच्या मागे मुलाचे नाव तासिका सुरू होण्यापूर्वीच पेन्सिलीने लिहून घ्यावे. नंतर लिहायला गेले की चित्र पालथे घालावे लागते आणि सगळा रंग बाकाला लागतो. नावाखाली मुलाने स्वतः एक वाक्य लिहावे, जसे ‘हे आमच्या आजीच्या पिशवीतले वांगे आहे’. प्रदर्शनात तेच वाक्य चिठ्ठीवर उतरवून चित्राखाली लावावे. पालक त्यामुळे रंग रेषेबाहेर गेला का हे न पाहता चित्रासमोर जरा जास्त वेळ थांबतात.